मुक्कामी पेटी

पॅरिसच्या वेशीवरच्या एका हॉटेलात रात्री साडेअकराला माझ्या खोलीतला फोन वाजला. “मॅडम, जरा येता का? बॅग उघडता येत नाहीये.” नंबरचं कुलूप अडकलं असणार असं धरून मी पर्समधला छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. कुलूप उघडंच होतं. अडचण खोलीची होती. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन फूट जागा, आणि बॅग २८ इंची, पुस्तकासारखी मधोमध उघडणारी. तशी बॅग पूर्ण पसरली की सव्वातीन फूट रुंद होते. मग ती पलंगावर चढवली होती. काका बनियनवर पॅसेजमध्ये उभे, आणि काकू बाथरूममध्ये, कमोडच्या झाकणावर बसलेल्या. हवं काय होतं? काकूंचा गाऊन आणि काकांची बीपीची गोळी. गोळी बॅगेच्या खालच्या अर्ध्यात, जाळीच्या चेनमागे, चिवड्याच्या डब्याखाली.

बॅग भरलेली मात्र नमुनेदार होती. एकेक घडी पट्टीने मारल्यासारखी, कुठे बोटभर फट नाही. ठाण्याहून निघताना चेन एका दमात लागली म्हणून काकांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असणार. गेली वीस वर्षं मी टूर मॅनेजर आहे, आणि अशा बॅगा मी शेकड्यांनी पाहिल्यात. माणसं बॅग भरतात ती लागावी म्हणून. चेन लागली की काम झालं. ती पुढच्या बारा रात्रींत अकरा वेळा उघडायचीय, तीही दमल्या अंगाने, अपुऱ्या जागेत, हे कुणाच्या डोक्यात नसतं.

माझ्या डोक्यात ते आहे, पण त्यात माझी हुशारी काही नाही. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, चिपळूण डेपोला. महिन्यातले बरेच दिवस त्यांना वस्तीची गाडी असायची. म्हणजे संध्याकाळी गाडी एखाद्या आडगावात जाऊन उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच किंवा देवळात झोपायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. बाबांची एक काळी पत्र्याची पेटी होती. तिकिटांचा ट्रे, वेबिल, पंच हा सरकारी संसार वरच्या अंगाला. त्याखाली त्यांचा स्वतःचा: टॉवेल, लुंगी, दाढीचं सामान, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि उजव्या कोपऱ्यात उभी बॅटरी. कायम उजव्याच कोपऱ्यात. आम्ही भावंडांनी खेळायला घेऊन ती डावीकडे ठेवली की बाबा ओरडायचे, “बॅटरी शोधायला बॅटरी लागली तर ती काय कामाची?”

कोकणात तेव्हा लाइट असले काय नि नसले काय. रात्री पेटीत हात घातला की पहिल्या झटक्यात वस्तू लागली पाहिजे, एवढा एकच त्यांचा नियम. ड्यूटीवर निघायच्या आदल्या रात्री पेटी भरून झाली की ते डोळे मिटायचे आणि आईला म्हणायचे, “सांग, काय काढू?” आई म्हणायची, “साबण.” साबण यायचा. मला तो जादूचा खेळ वाटायचा. तो सराव होता हे कळायला मला स्वतःची बॅग घेऊन घराबाहेर पडावं लागलं.

आमच्या कंपनीत टूर निघायच्या पंधरा दिवस आधी पर्यटकांची एक मीटिंग असते. व्हिसा, हवामान, फॉरेक्स वगैरे झालं की शेवटची वीस मिनिटं माझी. टेबलावर रिकामी बॅग ठेवते आणि सगळ्यांसमोर भरून दाखवते. सुरुवात वजनकाट्यावर. रिकामी मोठी कडक बॅगच चार-साडेचार किलोची निघते. म्हणजे विमान कंपनीने दिलेल्या २३ किलोंतला जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या डब्याला गेला. जीन्स पाऊण किलोची. चार जीन्स घेतल्या की तीन किलो, आणि एकदा भिजली की दोन दिवस वाळायची नाही. हे आकडे ऐकून लोक वही काढतात.

मग भरणं. बूट आणि जड चीजवस्तू चाकांच्या बाजूला, कारण बॅग उभी केली की तो तिचा तळ. वर ठेवलं तर बॅग कोलमडते आणि वाटेत सगळं कपड्यांवर घसरतं. बुटांच्या पोटात मोजे. पँट अर्धी बॅगेबाहेर लोंबती ठेवायची, त्यावर बाकीचे कपडे रचायचे आणि शेवटी लोंबतं टोक वर घ्यायचं. मधे गादी आल्यामुळे घडीची रेघ उमटत नाही. टी-शर्ट गुंडाळायचे. हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक मला विचारतात, “ते रोलिंगचं टेक्निक दाखवा ना.” अहो, वळकटी म्हणतात तिला. आपल्या आजोबांनी काशीयात्रा वळकटीवर केली. फक्त रेशमी साडी गुंडाळू नका. ती उलटी घडी करून मलमलच्या कापडात, सगळ्यात वर, आडवी.

आणि अभ्रे. बाजारात त्या जाळीच्या चेनवाल्या पिशव्यांचा संच मिळतो, चांगला असतो, पण मी उशीचे जुने अभ्रे वापरते. एका अभ्र्यात तीन दिवसांचं सगळं: वरचे कपडे, आतले कपडे, मोजे. बारा दिवसांचे चार अभ्रे, चार रंगांचे. हॉटेलात पोचल्यावर बॅग उपसायची नाही, त्या दिवसाचा अभ्रा ओढून काढायचा. तीन दिवसांनी तोच मळक्या कपड्यांची पिशवी होतो. बायकांना हे लगेच पटतं. पुरुषांना चेनवाल्या पिशव्याच हव्या असतात, का कोण जाणे.

शेवटी मी डोळे मिटते आणि म्हणते, “सांगा, काय काढू?” हा भाग लोकांना फार आवडतो. टाळ्या पडतात. आणि पंधरा दिवसांनी हीच मंडळी विमानतळावर चार किलो फरसाण घेऊन येतात.

खाण्यावरून मी पूर्वी चिडायचे. आता फक्त नियम सांगते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरी. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत चालतं, पण विमान वर गेलं की आतला हवेचा दाब कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेलाला वाट दाखवते. बरणी काठोकाठ भरा, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर झाकण, मग दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गाठ. हे न ऐकल्यामुळे एका बाईंच्या मोतिया रंगाच्या पैठणीला कैरीच्या लोणच्याचा काठ आलेला मी पाहिलाय. टिटलिसच्या बर्फात, १० हजार फुटांवर, ती नेसून फोटो काढायचा होता. तशाच नेसल्या, डाग निऱ्यांत घेतला. पैठणी कशाला आणली असं मी त्यांना विचारलं नाही. एके काळी विचारलं असतं.

पॅरिसचे काका-काकू त्याच टूरवर नव्हते. ते नंतरच्या, मे महिन्यातल्या. त्यांची मुलगी लंडनला, सातवा महिना लागलेला. टूर वर्षभर आधी बुक केलेली, आणि लंडनला आमचे तीन मुक्काम. काकूंनी ठरवलं, डोहाळजेवणाची ओटी तिथंच भरायची. मला याचा पत्ताच नव्हता.

मुंबई विमानतळावर ४२ जणांच्या बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या आणि दहा मिनिटांत काकूंच्या नावाचा पुकारा झाला. त्यांना घेऊन मी खाली तपासणीच्या खोलीत गेले. पडद्यावर बॅगेचं चित्र, आणि मधोमध एक गडद वाटोळं काहीतरी. तिथल्या तरुणाने बॅग उघडायला सांगितली. काकूंनी हिरव्या खणाचं बोचकं सोडलं. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, आणि खोबऱ्याची वाटी.

सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही हे मी मीटिंगमध्ये सांगते. त्यात तेल भरपूर. कोंडून तापलं तर आपोआप पेटू शकतं म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत ते आहे. सांगते खरी, पण लोक ते किसलेल्या खोबऱ्याबद्दल, चटणीबद्दल ऐकतात. ओटीतली वाटी म्हणजे कुणाला खोबरं वाटतच नाही, ती ओटी असते.

“इथं टाका,” तो तरुण म्हणाला. शेजारी निळा पिंप होता, त्यात लायटर, काडेपेट्या, कुणाचा तरी फटाक्यासारखा दिसणारा वाढदिवसाचा अनार.

“ओटीतलं टाकत नाहीत,” काकू म्हणाल्या. आवाज चढवून नाही. नियम सांगावा तशा.

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मागे दुसऱ्या प्रवाशाची बॅग येऊन थांबली होती. शेवटी मी वाटी घेतली, ट्रॉलीच्या लोखंडी कोपऱ्यावर दोनदा आपटली. तिसऱ्यांदा तिचे पाच-सहा तुकडे झाले. एक काकूंना दिला, एक मी घेतला. एक त्या तरुणापुढे धरला तर म्हणाला, “ड्यूटीवर आहे.” मग इकडेतिकडे पाहून शर्टाच्या खिशात टाकला. उरलेलं आम्ही वर येऊन ग्रुपमध्ये वाटलं. कुणाला वाटलं प्रसाद आहे, कुणाला वाटलं कंपनीतर्फे आहे.

लंडनच्या हॉटेलच्या लॉबीत ओटी भरली गेली. तांदूळ आणि नारळ मुलीने स्वतःच दुकानातून आणले होते. रिसेप्शनवरच्या मुलीने फोटो काढून दिले. बोचकं उघडताना काकू मला म्हणाल्या, “हे बघ, एवढंच मला लगेच सापडलं. बाकी सगळी बॅग ह्यांनी भरलीय.” ह्यांनी म्हणजे काकांनी. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की पॅरिसला फोन येणार.

बॅगेला चाकं लागली त्याचीही गंमत आहे. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाला १९७२ साली चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं. त्याने नमुना मोठमोठ्या दुकानांत नेला तर खरेदी करणारे साहेब नाकं मुरडायला लागले: पुरुष कशाला बॅग ओढतील, आणि बाईची बॅग उचलायला तिचा पुरुष असतोच की. उभी धरून ओढायची, दांड्याची बॅग तर आणखी उशिरा आली. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने ती स्वतःच्या सोयीसाठी केली. वापरणाऱ्याने केलेली म्हणून ती टिकली, असं माझं मत. चार चाकांची बॅग दुकानातल्या फरशीवर मोरासारखी नाचते. रोमच्या दगडी गल्लीत तिचं एक चाक निखळलं की मग दिसते मजा. दोन चाकांची रडतखडत का होईना, पोचते.

बॅग भरण्यातला माझा दुसरा गुरू एक इटालियन बसचालक. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसात साधारण ९ तासांच्या वर चालवता येत नाही, आणि टॅकोग्राफवर सगळी नोंद राहते. त्यामुळे सकाळी सामान चढवायला वीस मिनिटं जास्त लागली तर ती संध्याकाळी कुठूनही भरून निघत नाहीत. तुमचा पिसाचा मनोरा तेवढा लहान होतो. हा माणूस कुणालाही डिकीला हात लावू द्यायचा नाही. बॅगा फुटपाथवर ओळीने लावून घ्यायचा, हात मागे बांधून एक चक्कर मारायचा आणि मग गवंडी चिरा बसवतो तसा एकेक बॅग बसवायचा. कडक बॅगा खाली आणि कडेला, मऊ बॅगा फटींत. चार चाकांच्या बॅगा आडव्या, कारण उभ्या ठेवल्या तर वळणावर आतल्या आत फिरतात. आणि ज्यांना वाटेत काही लागणार, लहान पोरवाले, औषधवाले, त्यांच्या बॅगा शेवटी, दाराशी. भाषा आम्हां दोघांना एकमेकांची येत नव्हती. पण डिकी लावून झाल्यावर तो डोळे मिटून कुठली बॅग कुठे आहे ते बोटाने दाखवायचा, तेव्हा मला पेटीचा काळा पत्रा दिसायचा.

माझी स्वतःची बॅग मात्र आता डिकीत जातच नाही. एकदा झुरिकला उतरले, ग्रुपच्या सगळ्या बॅगा आल्या, माझी एकटीची आली नाही. बॅग न आल्याच्या तक्रारीचा, पीआयआरचा फॉर्म भरला आणि चार दिवस एका साडीवाल्या काकूंच्या स्वेटरमध्ये आणि एका कॉलेजकुमारीच्या पँटमध्ये टूर केली. पर्यटक त्या चार दिवसांत माझ्याशी जेवढं प्रेमाने वागले तेवढं पुढे कधी वागले नाहीत. तेव्हापासून हातातली एकच बॅग, नऊ-साडेनऊ किलोची. सगळ्यात जड कपडे आणि बूट अंगावर. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, ती मोठ्या बॅगेत चालतच नाही. औषधं त्यातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जोडप्यांना मी सांगते, नवऱ्याच्या बॅगेत बायकोचे दोन जोड आणि तिच्या बॅगेत त्याचे दोन जोड ठेवा. हे सगळे ऐकतात, पण करत नाहीत. नवऱ्याच्या बॅगेत जागाच नसते, त्याच्या जीन्स असतात ना.

त्या रात्री पॅरिसमध्ये मी काकांची बॅग पलंगावर पूर्ण रिकामी केली. काकूंना बाथरूममधून बाहेर बोलावलं, पण उभं राहायला जागा नव्हती म्हणून त्या पलंगाच्या उशाकडे मांडी घालून बसल्या. मी हॉटेलच्याच उशांचे दोन अभ्रे काढले, उद्या परत चढवायच्या अटीवर. एका अर्ध्यात रोज लागणारं, दुसऱ्यात रोमपर्यंत न लागणारं; दुसरा अर्धा बंदच ठेवायचा, म्हणजे बॅग अर्धीच उघडायची आणि पलंगाच्या कडेला मावायची. गोळ्या काकांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. काका पॅसेजमधून बघत होते. “मी मोठ्या वस्तू आधी ठेवल्या होत्या,” ते म्हणाले, “मोठ्या, मग मध्यम, मग बारीक. बँकेत आम्ही फायली अशाच लावायचो.” त्यांचं चुकलं होतं असं मला म्हणवेना. कपाटाला ते बरोबरच आहे.

जुलैच्या सुरुवातीला काकूंचा फोन आला. त्या बाळंतपणाला एकट्या निघाल्या होत्या. “ह्यांना भरू देणार नाही मी,” म्हणाल्या. “तू येशील का एक तास?”

ठाण्यातल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सगळं मांडून ठेवलेलं होतं. खारीक, डिंक, ओवा, बाळंतशोपा. तुपातले लाडू नेता येणार नाहीत हे त्यांना आता पाठ होतं. तूप तिकडं मिळतं, लाडू तिथंच वळायचे. खोबऱ्याचं नाव दोघींनीही काढलं नाही. कुंच्या, टोपडी, आणि जुन्या सुती साड्यांची शिवलेली चौदा दुपटी, धुऊन धुऊन पिठासारखी मऊ झालेली. नवी झाकणाची बॅग आणली होती, दोन चाकांची.

मी हात लावला नाही, नुसती खुर्चीवर बसले. काकूंनी जड डबे चाकांकडे लावले. स्वतःचे गरम कपडे तळाला. मसाल्याच्या पुड्या एका अभ्र्यात, स्वतःचे कपडे दोन अभ्र्यांत. दुपटी आधी त्यांनी डब्यांभोवती कोंबली, फटी भरायला उपयोगी म्हणून. मग थांबल्या, सगळी बाहेर काढली आणि पुन्हा घड्या घालून सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात रचली. “हॉस्पिटलात रात्री पोचले तर?” एवढंच म्हणाल्या. काट्यावर २१ किलो ४०० ग्रॅम भरलं.

झाकण लावून घेतलं आणि मी उठून दिवा बंद केला. पडदे ओढलेलेच होते. “उघडा,” मी म्हटलं, “आणि दुपटं काढा.”

अंधारात चेनचा आवाज आला, थोडी चाचपणी, आणि मग काहीतरी मऊ माझ्या हातावर येऊन पडलं.

“आता ओवा,” काकू स्वतःच म्हणाल्या, आणि पुन्हा हात आत घातला.

आतल्या खोलीतून काकांनी हाक मारली, “लाइट गेले का गं?”